वाफाड्याच्या मागच्या पाट्या

कृष्णात पेंटर श्रावणात गेले आणि ‘वाफाड्या’ या चित्रकथेच्या पुढच्या अंकात त्यांच्यावर चार ओळी लिहायचं काम शशिधर सरांकडे आलं. सरांनी वही उघडली, वर नाव लिहिलं आणि थांबले. सहा वर्षं दर गुरुवारी हा माणूस त्यांच्या कसबा बावड्यातल्या घरी येऊन व्हरांड्यात बसत होता, आणि सरांना त्याच्याबद्दल खात्रीनं लिहिता येईल असं एवढंच होतं: चहा बिनसाखरेचा, बसायला खुर्ची नको पाट हवा, उजव्या अंगठ्याच्या नखात कायम निळा रंग. लग्न झालेलं की नाही, मुलंबाळं किती, मूळ गाव कुठलं, काही माहीत नव्हतं. त्यांना पूर्णिमा नावाची मुलगी आहे आणि ती गारगोटीला दिली आहे, हेसुद्धा सरांना रक्षाविसर्जनाला गेल्यावर कळलं. ती सरांना म्हणाली, “बाबा तुमचं नाव लई काढायचं.” सरांना तिच्याकडे बघवेना. त्यांच्या घरात कृष्णात पेंटरांचं नाव कधी कुणी काढलं होतं, हे त्यांना आठवेना.

वाफाड्या कोण, हे कोल्हापूरच्या बाहेर सांगावं लागतं. कागलच्या पुढं कुठंतरी उसाळी नावाचं एक गाव आहे, जे नकाशात नाही. तिथल्या साखर कारखान्यात वाफाड्या बॉयलरवर कामाला आहे. त्याच्या तळहातांतून वाफ निघते. त्या वाफेनं तो चोरांच्या गाड्यांच्या काचा धुरकट करतो, गंजलेली कुलपं उघडतो आणि वेळ पडली तर गल्लीभर पोहे शिजवून देतो. शशिधर सर शाळेत विज्ञान शिकवायचे. उकळत्या पाण्यापेक्षा वाफ जास्त का पोळते, हे नववीच्या पोरांना काही केल्या समजेना, तेव्हा त्यांनी फळ्यासमोर उभं राहून हा माणूस तयार केला होता. निवृत्त झाल्यावर ते त्याला विसरले. मागच्या बाकावर बसणारा राजवीर मात्र विसरला नाही. तो चित्रकार झाला आणि एक दिवस सरांच्या दारात येऊन म्हणाला, “सर, वाफाड्या लिहा. मी काढतो.”

महापुराच्या साली, २०१९च्या दिवाळीत, पहिला अंक निघाला. मग वर्षाला तीन निघू लागले.

त्या पहिल्याच अंकात राजवीरनं न विचारता एक गोष्ट केली. पाचव्या पानावर चहाच्या गाड्याशेजारी कट्टा काढला आणि कट्ट्यावर दोन माणसं बसवली. एक म्हातारा चष्मेवाला, हातात वही. दुसरा दाढीवाला, कानावर पेन्सिल. वाफाड्या संकटात सापडला की पळत पळत त्या कट्ट्याशी येतो आणि विचारतो, “मास्तर, फुडं काय लिवलंय?” म्हातारा म्हणतो, “अजून ठरलं न्हाय. तवर च्या घे.”

सरांनी छापलेला अंक बघितला आणि त्यांचे कान तापले. “मला कशाला घेतलंस रे त्यात?”

“सर, गोष्ट बनवणारी माणसं गोष्टीतच असली की लोकांना खरं वाटतंय.”

लोकांना आवडलं हे खरं. एका अंकात वाफाड्या कट्ट्यावर येऊन भांडला, “मास्तर, माझं लगीन कवा लिवणार?” आणि म्हातारा म्हणाला, “आधी ह्या राजवीरचं हू दे.” त्यावर महिनाभर पत्रं आली. चित्रातला मास्तर गुंडाच्या कॉलरला धरायचा, आमदाराला नियम ऐकवायचा. खरे शशिधर सर भाजीवाल्यानं कोथिंबिरीची जुडी मरगळलेली दिली तरी काही न बोलता पिशवीत टाकायचे. बाजारात कुणीतरी ओरडायचं, “काय मास्तर, वाफाड्या कुठं हाय?” सर खाली बघत म्हणायचे, “बाहेरगावी गेलाय.” आणि घरी आल्यावर त्यांना थोडंसं बरंही वाटायचं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

पण गोष्ट बनवणारे दोघेच नव्हते. तिसरे कृष्णात पेंटर. पात्रं बोलतात ते फुग्यांमधलं प्रत्येक अक्षर ते हातानं लिहायचे. चाळीस वर्षं त्यांनी कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. मग छापील फ्लेक्स आले, एका रात्रीत पाटी तयार होऊ लागली, आणि ब्रश धरणाऱ्याला विचारणारं कुणी उरलं नाही. राजवीरनं त्यांना कुठल्याशा टेम्पोमागं नाव लिहिताना बघितलं आणि घेऊन आला. तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी ते जुन्या एम-एटी स्कूटरवरून यायचे, पत्र्याची पेटी उघडायचे आणि राजवीरनं काढून ठेवलेल्या पानांवर लिहायला बसायचे. संध्याकाळी सर लाल पेन्सिल घेऊन एकेक फुगा तपासायचे. चूक क्वचितच निघायची. निघाली की पेंटर नुसते “व्हय” म्हणायचे आणि पांढरा रंग लावून दुरुस्त करायचे.

राजवीरला रस्ते काढायला आवडायचं, पण दुकानांच्या पाट्यांवर काय लिहायचं हे सुचायचं नाही. तो चौकटी मोकळ्या सोडायचा आणि पेन्सिलीनं बारीक लिहायचा, ‘काहीही’. म्हणायचा, “मामा, पाट्यांवर काहीही लिव्हा तुमी.” पेंटर काहीही लिहायचे. पाट्या कुणी तपासत नव्हतं. सरांची लाल पेन्सिल फुग्यांच्या बाहेर कधी गेलीच नाही. ते आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासत आले होते, आणि उत्तर जिथं लिहिलेलं असतं तेवढंच वाचायची त्यांच्या डोळ्यांना सवय होती.

यंदाच्या फेब्रुवारीत राजवीर म्हणाला, “सर, पुढच्या अंकापासून अक्षरं कॉम्प्युटरवर करायची. निम्मे लोक मोबाईलवर वाचत्यात. मामांचं अक्षर त्यात बारीक दिसतंय. शेवटच्या क्षणी एक शब्द बदलला तर पान परत लिहायला लागतंय.” सगळं खरं होतं. सर म्हणाले, “बरं.” राजवीर म्हणाला, “मामांना तुमी सांगा. तुमचं ऐकत्यात ते.” सर पुन्हा म्हणाले, “बरं.”

पहिल्या गुरुवारी पेंटरांना खोकला होता, म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या गुरुवारी पेंटर खुशीत दिसले, म्हणून सांगितलं नाही. तिसऱ्या गुरुवारी सरांनी रात्रभर विचार करून एक तोड काढली होती. काम काढून घ्यायचं तर बदल्यात काहीतरी द्यावं. त्यांनी चहाचा कप पेंटरांसमोर ठेवला आणि म्हणाले, “पेंटर, राजवीर आणि मी आहोत अंकात. तुम्हीच राहिलात. तुम्हालाही घ्यावं म्हणतो. कट्ट्यावर, आमच्या शेजारी.”

पेंटरांनी पेन खाली ठेवलं नाही. “मी हाय की त्यात, सर. पयल्या अंकापासनं हाय.”

“ते आहेच. अक्षर तुमचंच आहे सगळं.”

पेंटरांनी एकदा वर बघितलं. काहीतरी सांगावं की नाही असं त्यांच्या मनात आलं असावं. मग म्हणाले, “च्या गार व्हायला लागला तुमचा,” आणि पुढचा फुगा लिहायला घेतला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी एक बाई रिक्षातून उतरल्या. सत्तरीच्या पुढच्या, कपाळाला विभूती, हातात कापडी पिशवी. सरांनी दार उघडलं.

“वाफाड्याचं मास्तर तुमीच न्हवं?”

सर हो म्हणाले.

“अय्य. चित्रात लई दांडगं दिसताय. मला वाटलं दार उघडाय पैलवान येतोय.” बाई आत येऊन बसल्या. नाव नीलम्मा. महाद्वार रोडला त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. पिशवीतून त्यांनी नातीचा, रक्षिताचा, अंक काढला आणि अकराव्या पानावर बोट ठेवलं. वाफाड्या एका चोराच्या मागं पळत होता, आणि मागं दुकानांची रांग होती. “ह्ये दुकान कुणाचं हाय?”

“कुणाचं नाही. चित्रात असंच असतं, काहीही.”

“असंच कसं? आमच्या मालकांचं हाय. वाचा की.”

सरांनी वाचलं. ‘चन्नाप्पा भांडी भांडार’. खाली पाच आकडी फोन नंबर.

“‘भांडी’च्या डोक्यावर टिंब असतंय, तिथं तांब्या काढलाय. दिसला? सगळ्या कोल्हापुरात तसली पाटी एकच हुती. मालक गेलं, पोरानं काच बसवली दुकानाला, पाटी भंगारात घातली. फोटो काढायचं बी कुणाला सुचलं न्हाय. आता रक्षिता आली नाचत, म्हणती आजी, वाफाड्या आपल्या दुकानापुढनं पळाला.” नीलम्मांनी अंक मिटला आणि मांडीवर ठेवला. “कुणाला एवढं ध्यानात हाय, तेवढं बघाय आले.”

त्या गेल्यावर सरांनी कपाटातून सगळे अंक काढले आणि भिंग घेतलं. ज्या अंकांचा शब्द न् शब्द त्यांनी स्वतः लिहिला होता, ते अंक ते पहिल्यांदा वाचत होते. शिंप्याचं दुकान. सायकल मार्ट. लेमन-सोडा. ‘येथे रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्त करून मिळेल’. एका डॉक्टरांची पाटी, खाली भेटायची वेळ. बँडवाल्यांची पाटी, तिच्यात अक्षरांना तुताऱ्यांसारखे बाक. प्रत्येक पाटीचं वळण वेगळं. सहाव्या अंकातल्या पाठलागात चार पानं नुसती पळापळ होती. सर त्या पाट्या ओळीनं वाचत गेले आणि त्यांच्या लक्षात आलं की शाळेत जाताना ते चाळीस वर्षं ह्याच गल्लीतून सायकल मारत होते. आधी शिंपी, मग सायकलवाला, मग सोडा. वळणावर छत्रीवाला. राजवीरनं मनानं काढलेल्या रस्त्यावर पेंटरांनी खरी गल्ली वसवली होती, एकही दुकान इकडचं तिकडं न करता. त्यातली आज एकही पाटी जागेवर नव्हती.

गुरुवारी सरांनी नीलम्मांची गोष्ट सांगितली. पेंटर ऐकत राहिले. मग म्हणाले, “तो तांब्या मालकांनीच काढाय लावलेला. मला म्हणालं, नुसतं टिंब कशाला, त्यात बी कायतरी भरून दे. हसत हुतं.”

“मला सांगितलं का नाही इतकी वर्षं?”

“तुमी इचारलं न्हाय.” त्यात तक्रार नव्हती. शाई ढवळत ते पुढं बोलले, आणि सरांनी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. “नमुन्यांची वही हुती माझी. पाटी रंगवली की तिची नक्कल करून ठेवायचो. सव्वाशे-दीडशे असतील. आमची खोली शुक्रवार पेठेत. पूर आला, पाणी उतरल्यावर वहीचा लगदा निघाला. त्याच दिवाळीच्या आधी राजवीर मला घेऊन आला आणि म्हणतोय कसा, काहीही लिव्हा. म्हटलं, जागा मोकळी हाय, आणि माझ्या डोक्यात हायत तवर लिवून घ्यावं.”

“पेंटर, पुढच्या अंकापासून...” सर म्हणाले आणि अडकले.

“कॉम्प्युटर. म्हाईत हाय. राजवीरच्या घरात बघितलाय मी. फुगं जाणार.” पेंटरांनी पेन पुसलं. “जाऊ द्यात. फुग्यात काय, तुमचं बोलणं असतंय. पाट्या तेवढ्या माझ्याकडं राहिल्या तर बरं हुईल, सर. अजून साठ-सत्तर राहिल्यात.”

सहा वर्षांत त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट होती.

चित्रातला मास्तर असता तर त्याच दुपारी राजवीरच्या दारात जाऊन उभा राहिला असता. शशिधर सरांनी फोन लावला. राजवीरनं उचलल्यावर ऊन फार वाढलंय असं म्हणाले, तब्येत विचारली आणि ठेवून दिला. पाट्याही संगणकावरच होणार होत्या, कारण राजवीर एकदा ठरवलं की अर्धवट ठेवायचा नाही, आणि त्याच्याशी वाद घालणं सरांना जमणार नव्हतं. सरांच्या हातात होतं ते एकच. त्यांनी नव्या अंकाची लिहून ठेवलेली गोष्ट बाजूला सारली आणि दुसरी लिहायला घेतली.

राजवीर पंधरा दिवसांनी वही घेऊन आला, तो उभ्यानंच बोलला. “सर, हे काय लिवलंय? पयलं पान, बाजारपेठ. दुसरं पान, बाजारपेठ. चोवीस पानं बाजारपेठ.”

“वाफाड्या बाजारात हरवलाय.”

“त्याचं डोकं फिरलंय का? कोल्हापूरचा माणूस बाजारात हरवतोय व्हय?”

“पाट्या बदलल्यात ना सगळ्या. त्याला ओळखू येईना.”

“आणि हे काय? प्रत्येक चित्राखाली, ‘मागे पाट्या, त्या मामा लिहितील.’ मोजल्या मी. त्रेचाळीस पाट्या हायत.”

राजवीर पाटावर बसला, पेंटर बसायचे त्याच पाटावर. “सरळ सांगायचं हुतं की, सर.”

“मला जमत नाही.”

सरांनी कपाटातले अंक पुढं ठेवले आणि अकरावं पान उघडून तांब्या दाखवला. मग सहाव्या अंकातली गल्ली दाखवली. राजवीरनं स्वतःचीच चित्रं भिंगातून बघितली. बराच वेळ बघितली. शेवटी म्हणाला, “पण फुग्यात छापील अक्षर आणि मागं हातानं लिवलेलं, दोन तऱ्हा दिसतील पानावर. विचित्र दिसंल.”

“बाजार तसाच असतो,” सर म्हणाले. राजवीरपुढं त्यांनी जिंकलेलं हे एकच वाक्य.

फुगे संगणकावर गेले. पाट्या पेंटरांकडे राहिल्या. राजवीरला मात्र आता स्वस्थ बसवेना. शेवटच्या पानावर कट्ट्यावरच्या दोघांसमोरच्या पाटीला त्यानं शिडी लावली, आणि शिडीवर पेंटरांना बसवायचं ठरवलं. त्यासाठी तो मोबाईलवर त्यांचा फोटो घ्यायला आला, तर पेंटर उठून पाठ करून उभे राहिले.

“मामा, तोंड इकडं करा की.”

“तोंड नगं. पाटी रंगवणाऱ्याचं तोंड कुणी बघितलंय? खालनं जाणाऱ्याला पाठच दिसत्या. पाठ काढ, कोणतरी वळखंल.”

म्हणून अंकात ते पाठमोरे आहेत. सदऱ्याच्या मानेजवळ रंगाचा डाग आहे, तो राजवीरनं बघून काढलेला. वाफाड्या खालून विचारतो, “पेंटर, बाजार कुठं गेला ओ?” आणि शिडीवरचा माणूस न वळता म्हणतो, “हितंच हाय की. थांब, लिवून देतो.”

आषाढातल्या शेवटच्या गुरुवारी पेंटर ते पान घेऊन बसले. त्रेचाळीसपैकी बेचाळीस पाट्या झाल्या होत्या. शिडीवरच्या माणसासमोरची तेवढी मोकळी होती. दुपारी सरांनी डोकावून बघितलं, तेव्हा पाटीच्या अगदी वर, मधोमध, लहानसं ‘श्री’ लिहिलेलं होतं आणि पेंटर पेटी आवरत होते.

“ही राहिली की.”

“झाली. काम आत्ता सुरू केलंय त्या माणसानं. श्री काढल्याबिगर पुढं कोण जातंय?”

पुढं काय येणार होतं, कुणाचं दुकान होतं, हे सरांनी विचारलं नाही. पुढच्या गुरुवारी विचारू असंही त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्यांना ते नुसतं सुचलं नाही. आता वहीत चार ओळी लिहिताना सुचतंय, आणि पान तसंच छापून गेलंय.

पेंटरांनी पेटी गाडीला बांधली. फाटकाची कडी त्यांच्या हातात नेहमीसारखी किरकिरली. ते दोनदा ती मागं-पुढं करून बघत थांबले.

“सर, हिला तेल सोडा एकदा.”

“हो, सोडतो.”

“खोबरेल नगं. मशीनचं.”

“बरं,” सर म्हणाले. “मशीनचं.”